‘ॲम्निऑटिक’ आणि त्याचे रीमिक्स: सात महिने ऐकल्यावर

‘ॲम्निऑटिक’ हा अल्बम ऐकायला मी उलट्या टोकाने सुरुवात केली. रीमिक्स आधी कानावर पडला, मूळ गाणं नंतर.

डिसेंबरात म्हापशाला मामेभावाकडे गेले होते. आश्वेच्या किनाऱ्यावर सूर्य बुडत असताना डीजेने ‘फादर ओशन’चा बेन ब्योमर या जर्मन संगीतकाराने केलेला रीमिक्स लावला. कोण गातंय, कसलं गाणं आहे, काही ठाऊक नव्हतं. आजूबाजूची माणसं हळूहळू बोलायची थांबली, एवढं पक्कं आठवतं. “ताई, हा मोनोलिंक. पण हे त्याचं मूळ रूप नाही, मूळ घरी गेल्यावर शांतपणे ऐक,” मामेभाऊ म्हणाला. पुण्याला परतल्यावर ऐकलं आणि निराश झाले. किनाऱ्यावर जे अंगावर आलं होतं, ते या गाण्यात नव्हतंच. एक माणूस, एक गिटार, खाली संथ ठोका. पहिले दोन आठवडे मी मूळ गाणं अर्ध्यातच बदलायचे. आज मत उलटं आहे, आणि ते कसं उलटलं हे सांगायलाच लिहायला बसले.

मोनोलिंक म्हणजे बर्लिनचा स्टेफेन लिंक. गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणारा हा माणूस क्लब संगीताकडे वळला, पण गिटार आणि गाणं त्याने सोडलं नाही. आजही मंचावर तो मशीनसमोर उभा राहून स्वतः गातो, स्वतः वाजवतो. ‘ॲम्निऑटिक’ हा त्याचा पहिला अल्बम २०१८ साली एम्बसी वन या लेबलवर आला. नावाचा अर्थ गर्भजलाशी जोडलेला आहे. हेडफोन लावून अंधारात ऐकलं की नाव किती नेमकं आहे ते कळतं: आवाज बाहेरून येत नाहीत, आपण त्यांच्या आत असतो. पुढे या अल्बममधल्या गाण्यांचे रीमिक्स आले आणि जगभर गाजले ते मुख्यतः दोन: ब्योमरचा ‘फादर ओशन’ आणि कीव्हच्या आर्टबॅट या जोडीने २०१९ मध्ये केलेला ‘रिटर्न टू ओझ’.

हे सगळं ऑरगॅनिक हाऊसच्या, म्हणजे खऱ्या वाद्यांचा पोत असलेल्या संथ क्लब संगीताच्या, चौकटीत बसतं का, यावर वाद घालणारे आहेत. डीजेंना गाणी विकणाऱ्या बीटपोर्ट या साइटने ‘ऑरगॅनिक हाऊस / डाउनटेम्पो’ असा स्वतंत्र कप्पा २०२० मध्ये केला, म्हणजे अल्बम त्याआधीचा. माझ्या कानाला मूळ अल्बम ऑरगॅनिकच वाटतो. लाकडाचा, तारेचा, श्वासाचा आवाज त्यात जागा धरून आहे आणि मशीन त्याला सांभाळून घेतं. आर्टबॅटचा रीमिक्स मात्र सरळ मेलोडिक टेक्नो आहे, सुरेल पण जोरकस ठोक्याचा. तो शांत संध्याकाळसाठी घ्याल तर फसाल.

लहानपणी सहा वर्षं तबला शिकले, त्यामुळे मी हे संगीत तालाच्या अंगाने ऐकते. हाऊसमध्ये चारही मात्रांवर किक, म्हणजे खालचा जाड ठोका, सारख्याच वजनाची पडते. आपल्या तालातली खाली, म्हणजे वजन काढून घेतलेली मात्रा, इथे नाही, असं मला सुरुवातीला वाटायचं आणि तेच खटकायचं. तीनेक महिन्यांनी लक्षात आलं की खाली आहे, फक्त ती फार लांब आहे. गाण्याच्या मध्यावर किक निघून जाते, उरतात फक्त सूर आणि आवाज. त्याला ब्रेकडाउन म्हणतात. ती खाली. मग किक परत येते ती सम, तालाची पहिली, वजनदार मात्रा. एकदा हे कानात बसलं आणि दोन रीमिक्समधला फरक हातावर ठेवल्यासारखा दिसायला लागला.

ब्योमर समेवर अलगद येतो. किक नसताना त्याचे सिंथेसायझरचे सूर तंबोऱ्यासारखे भरत जातात, वर मोनोलिंकचा आवाज जवळपास जसाच्या तसा ठेवलेला, आणि ठोका परतला तरी दचकायला होत नाही. २०२० मध्ये तुर्कस्तानातल्या कापादोकियावर गरम हवेच्या फुग्यातून त्याने एक संपूर्ण मैफल केली होती. ती पाहताना जाणवलं की या माणसाला उंचीची घाई नाही, तो चढत राहतो. आर्टबॅटचं तसं नाही. ते समेला थांबवून धरतात, अजून थोडं, अजून थोडं, आणि मग खालचा बेस असा येतो की बसलेला माणूस उठतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी खरोखरच टेबलावरून उठून खोलीभर फिरले.

पण रोजच्या वापरात तोच आधी उतरला. मार्चपर्यंत मी ‘रिटर्न टू ओझ’चा रीमिक्स रोज लावायचे, एप्रिलमध्ये आठवड्यातून एकदा, आता महिन्यातून एकदाही नाही. सम कुठे येणार हे माहीत झालं की थांबवून धरण्यातली ताकद कमी होते. मोठ्या मैदानात, हजार माणसांत ती कमी होणार नाही. पण घरात नकाशे काढताना होते.

मी आर्किटेक्ट आहे, रात्री उशिरापर्यंत घरून ड्रॉइंग करते. या कामाला लागतं असं संगीत की जे लक्ष ओढून घेत नाही, पण पेंगूही देत नाही. मिनिटाला १२०च्या आसपास ठोके म्हणजे सेकंदाला दोन. त्या लयीत हात चालतो. ब्योमरचा रीमिक्स या कामासाठी चार महिने उत्तम चालला. मग एका रात्री, मेच्या उकाड्यात, चुकून मूळ ‘फादर ओशन’ लागलं आणि मी ते बदललं नाही. रीमिक्समध्ये ज्या ओळी लाटेसारख्या येऊन जात होत्या, त्या इथे कुणीतरी समोर बसून सांगत होतं. शब्दांच्या मधल्या जागा ऐकू आल्या, गिटारचा मंद हात ऐकू आला. समुद्राला बाप म्हणून हाक मारणं आपल्याला परकं नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या माणसांच्या मनात हेच नातं असतं. रीमिक्समध्ये मला समुद्र ऐकू आला होता, हाक ऐकू आली ती मूळ गाण्यात. त्या रात्री ते सलग तीनदा ऐकलं, आणि तिसऱ्यांदा डोळे भरून आले.

आईलाही मूळच आवडतं. रीमिक्स चालू असताना तिने स्वयंपाकघरातून विचारलं होतं, “कोण गं हा? गळा चांगला आहे, पण मागचं ढब ढब जरा कमी कर.” मूळ लावलं तेव्हा हात पुसत बाहेर येऊन बसली. पूर्ण होईपर्यंत उठली नाही.

आता वापराबद्दल. फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. खालचे सूर एवढ्याशा स्पीकरमधून निघतच नाहीत आणि राहतं ते फक्त टिकटिक व गाणं. मी वायरचे बंद हेडफोन वापरते. स्पीकर थेट जमिनीवर ठेवू नका. बेस स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो, वरचे सूर उतरत नाहीत, त्यामुळे खालच्यांना नुसता ठोका ऐकू जातो. खालच्या काकूंनी फार गोड शब्दांत सांगितलं तेव्हा मी स्पीकर टेबलावर घेतला आणि त्याखाली जाड फोम घातला. आता त्यांची तक्रार नाही.

दुसरं, पूर्ण लांबीचे रीमिक्स घ्या. अशा रीमिक्सची सुरुवात आणि शेवट मुद्दाम लांब ठेवलेले असतात. तिथे फक्त ठोका असतो, म्हणजे डीजेला दोन गाणी एकमेकांत मिसळता येतात. कापलेल्या आवृत्तीत हा भाग जातो आणि चढणच नाहीशी होते. मी ज्या ॲपवर ऐकत होते ते अल्बमच्या मध्येच दुसऱ्या कुणाची गाणी घुसवायचं, म्हणून शेवटी आकार कमी करण्यासाठी न दाबलेल्या, पूर्ण दर्जाच्या फाइल्स विकत घेतल्या. कलाकाराला पैसेही जरा नीट पोचतात.

गोव्यात हे संगीत इतकं का रुजलं, याचं एक साधं कारण मला तिथे दिसलं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. मग किनाऱ्यावरच्या मैफली दुपारी चारला सुरू होतात, आणि ऊन उतरत असताना कानावर आदळणारं काही नको वाटतं. संथ ठोका, गिटार, माणसाचा आवाज हेच तिथे शोभतं.

अल्बमबद्दल एक तक्रार आहे. मधली काही गाणी एकाच मनःस्थितीत फिरतात आणि सलग ऐकताना माझं लक्ष तिथे हमखास सुटतं. ‘बर्निंग सन’ आणि ‘सायरन्स’ मात्र वेगळी काढून ऐका, ती टिकली आहेत.

सध्या जुलै आहे, बाहेर धो धो पाऊस, आणि रात्रीच्या यादीत क्रम असा: आधी मूळ ‘फादर ओशन’, मग मूळ ‘रिटर्न टू ओझ’, आणि काम संपत आलं की ब्योमर. २०२१चा ‘अंडर डार्कनिंग स्कायज’ घेऊन ठेवलाय. या वेळी मूळ आधी. रीमिक्सना दसऱ्यापर्यंत हात लावणार नाही.