गरोदर बायकांचा व्यायामवर्ग, मारुती मंदिर, रत्नागिरी: जिना धरून पाचपैकी चार तारे

आधी कामाचं सांगते. फी महिना 2,200 रुपये. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. मारुती मंदिरच्या सर्कलपासून चालत पाच मिनिटं, खाली औषधांचं दुकान आणि वर वर्ग. एका बॅचला आठ जणी, नववी आली तरी घेत नाहीत. शिकवणारी बाई रीतसर फिजिओथेरपिस्ट आहे. मॅट त्यांच्या, टॉवेल आणि पाण्याची बाटली आपली. चौथ्या महिन्यापासून प्रवेश, आणि पुढे डॉक्टर हो म्हणतील तोवर येता येतं.

पहिल्या दिवशी व्यायाम होत नाही, कागदपत्रं होतात. आपल्या डॉक्टरांचं सहीचं पत्र लागतं, शिवाय दीड पानी फॉर्म: हिमोग्लोबिन किती, वार (प्लॅसेंटा) कुठे आहे, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलाय का, मागच्या खेपेला कळा वेळेआधी आल्या होत्या का, मधे कधी अंगावरून गेलं का, रक्तदाब किती. पत्र नसेल तर बाई हसून परत पाठवतात. माझ्यासमोर एका जोडप्याला पाठवलं. नवरा तणतणला, "चार हात-पाय हलवायला पत्र कसलं?" बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यानंतर प्रत्येक तासाच्या सुरुवातीला प्रत्येकीचा रक्तदाब मोजून वहीत लिहितात. मी नववी-दहावीला गणित शिकवते. मत देण्याआधी आकडा विचारणारं माणूस मला आवडतं, आणि पोट दिसायला लागल्यापासून असं माणूस मला गावात फारसं भेटलेलं नाही.

मतं मात्र रग्गड मिळाली. मी लग्नाआधीपासून सकाळी थिबा पॅलेसच्या बाजूला भरभर चालणारी, जमलं तर थोडं पळणारी बाई आहे. पाचव्या महिन्यात पळणं डॉक्टरांशी बोलून कमी केलं, चालणं चालू ठेवलं. तर थिबा पॉइंटला छत्रीवाले एक काका, ओळख ना पाळख, वाटेत उभे राहून म्हणाले, "हे आता बंद करा, बाळाला हिसके बसतात." बाळ पाण्यात असतं, काका. शाळेत पालकसभेला एक पालक आले, मुलाला बीजगणितात चाळीसपैकी अकरा. त्या अकरावर आमचं बोलणं दोन मिनिटंसुद्धा झालं नाही. "मॅडम, परवा तुम्हाला स्टेडियमजवळ बुटाबिटात बघितलं. घरी कुणी बोलत नाही का?" असं विचारून निघून गेले. शेजारच्या वहिनी रोज कुंपणावरून, "अगो, सहावा ना तुला? कशाला ती नसती धावपळ!"

आमच्या आत्याबाईंची तऱ्हा आणखी वेगळी. सकाळी आंबोळी वाढताना म्हणाल्या, "पाय वर घेऊन बस गप." दुसरी आंबोळी ताटात पडेपर्यंत, "आम्ही आठव्या महिन्यात विहिरीचं पाणी ओढत होतो, लावणीला वाकत होतो. तेव्हा कोण होतं शिकवायला?" दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी कशी, हे मी त्यांना विचारलं नाही, कारण आंबोळी फार चांगली झाली होती. मालवणहून आयेचा फोन आला तर ती म्हणे, "घरात कामा काय कमी आसत? क्लास कित्याक व्हयो?"

ज्यांना कोकणात पोटुशी बाई नाजूक असते असं वाटतं त्यांनी सकाळी मिरकरवाड्याला मासे घ्यायला जावं. पोट पुढे आलेली बाई भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ओल्या फरशीवरून चालत असते. तिला कुणी थांबवत नाही, तिच्याशी बांगड्याच्या भावासाठी हुज्जत घालतात. त्याच माणसांनी संध्याकाळी माझ्या हातात दोन किलोचा डंबेल बघितला तर त्यांच्या काळजाचं पाणी होतं. बाईने घरासाठी किंवा पोटासाठी ओझं उचललं की ते काम. स्वतःच्या अंगासाठी उचललं की थेर.

शहरातल्याच एका जिममध्ये माझे वर्षाचे पैसे भरलेले होते. तिथल्या इन्स्ट्रक्टरला सांगितलं तर तो बिचारा ट्रेडमिलपासून दोन पावलं मागे सरकला. "डिलिव्हरी झाली की या." पैसे परत नाहीत, मुदत वाढवूनही नाही. भिंतीवर मात्र ठळक सूचना: गरोदर महिलांनी हृदयाचे ठोके 140 च्या वर जाऊ देऊ नयेत. म्हणजे येऊ देत नाहीत, पण आलीच एखादी चोरून तर सूचना तयार.

हा 140 चा आकडा मी वर्गात विचारला, आणि या बाईंना मी पैकीच्या पैकी मार्क दिले ते इथे. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये तो नियम काढला होता, जोराचा व्यायाम पंधरा मिनिटांच्या वर नको हेही त्यातच होतं. 1994 मध्ये त्यांनी स्वतःच ठोक्यांची ती मर्यादा काढून टाकली. आमच्या जिमच्या भिंतीपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे. गरोदरपणात नाडी एरवीपेक्षा जलद चालते, प्रत्येकीची वेगळी चालते, म्हणून एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही. त्याऐवजी बाई साधी कसोटी लावतात: व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. त्यामुळे वर्गात सतत बडबड चालू असते. मला सतराचा पाढा म्हणायला लावतात. राजिवड्याहून येणारी एक जण सासूच्या तक्रारी सांगते, आणि तिला कधीच धाप लागत नाही.

दुसरा 140 साखरेच्या चाचणीतला. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं, 140 किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. माझी 131 आली. आमच्या घरात साखर दोन्हीकडून आहे, म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं की नियमित व्यायाम सोडू नका, त्याने हा धोका कमी होतो. हे मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी 131 ऐकलं आणि मोदकाचं ताट माझ्यापासून लांब सरकवलं. व्यायामाबद्दलचं ऐकलं नाही.

आता तासाबद्दल. सुरुवातीला दहा मिनिटं जागच्या जागी चालणं, खांदे, कंबर, घोटे सैल करणं. मग खुर्चीला धरून उठबशा, भिंतीला टेकून पुश-अप, रबरी पट्ट्याने पाठीचे व्यायाम, लहान डंबेल, एक ठेंगणी पायरी चढ-उतार. मार्जारासन रोज, माझ्या पाठदुखीला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. मोठ्या चेंडूवर बसून कंबर फिरवणं. कुशीवर झोपून पाय उचलणं. उताणं झोपून काहीही नाही, कारण पोट वाढलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि चक्कर येते. उड्या नाहीत, तोल जाईल असं काही नाही. शेवटी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणं-सोडणं आणि श्वास. सोडायलाही शिकवतात, हे विशेष. नुसतं आवळा आवळा म्हणणारे व्हिडिओ मी पुष्कळ बघितले होते.

भिंतीवर हाताने लिहिलेली यादी आहे, यातलं काही झालं तर त्या क्षणी थांबायचं: अंगावरून जाणं, पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं, थांबून थांबून येणाऱ्या कळा, पोटरी सुजून दुखणं, डोकं ठणकणं. ऑक्टोबरच्या उकाड्यात एका संध्याकाळी लाइट गेली आणि एकीला गरगरलं. बाईंनी तिला डाव्या कुशीवर निजवलं, रक्तदाब घेतला, नवऱ्याला फोन केला, डॉक्टरकडे पाठवलं आणि बाकीच्यांचा तास तिथेच संपवला. त्या तासाचे पैसे पुढच्या महिन्यात वळते करून दिले. आता इन्व्हर्टर घेतलाय, दोन पंखे चालतात. आपल्याकडची हवा दमट, घाम सुकतच नाही, त्यामुळे गरोदर बाईला बंद खोलीतला उकाडा जास्त बाधतो. मे महिन्यात इथे काय होतं ते मला माहीत नाही, येणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

2020 पासून ती अमेरिकन संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना, दोघीही सांगतात की डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर गरोदर बाईने आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा. सवयीने हिशोब केला: तासातला खरा व्यायाम पंचेचाळीस मिनिटं, तिनाचे झाले 135. उरलेले पंधरा मी वर्गातून घरी चालत जाऊन भरते. त्या पंधरा मिनिटांत नाक्यावरचे एक रिक्षावाले मामा रोज विचारतात, "मॅडम, सोडू का?" पैसे घेणार नाही म्हणतात. एका पावसात तर माझ्या चालीच्या वेगाने शेजारून रिक्षा चालवत आले, मागे हॉर्नचा गोंधळ. त्यांना काय बोलणार!

बाईंची आणखी एक गोष्ट आवडली. व्यायाम केलात तर डिलिव्हरी नॉर्मलच होईल, असं त्या चुकूनही म्हणत नाहीत. आमच्याकडे उकिडवं बसून फरशी पुसली की नॉर्मल होते, अशी खात्री देणाऱ्या बायका घरोघरी आहेत, आणि मग सिझेरियन झालं की त्याच म्हणतात, बसून खाल्लं असेल. बाई सांगतात की शक्यता थोडी वाढते, हमी कुणी देऊ शकत नाही.

आता उणं काय ते. वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि तो बाई नव्हे, त्यांची मदतनीस चालवते. तिथे रोज सकाळी सुविचार. पॅरिस ऑलिंपिकचा, 2024 चा तो व्हिडिओही आला: इजिप्तची नादा हाफिझ, सातव्या महिन्यात सेबर तलवारबाजी खेळली, पहिली लढत जिंकली. बघून मी खूश झाले. पण खाली मजकूर होता, "ती करू शकते तर तुम्ही का नाही? कारणं नकोत." त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीची वार सोनोग्राफीत अजून खालीच दिसली होती आणि डॉक्टरांनी तिला वर्ग बंद करून विश्रांती सांगितली होती. ती ग्रुपमध्ये होती. तिने मला फोन करून विचारलं, "सगळ्यांना मी आळशी वाटत असेन ना?" रस्त्यावरचे काका म्हणतात करू नका, ग्रुप म्हणतो करा, आणि बाईची सोनोग्राफी दोघांनीही बघितलेली नाही. मी तो मेसेज दाखवून फिजिओबाईंशी बोलले. त्यांनी तो काढायला लावला आणि ग्रुपवर स्वतः लिहिलं की डॉक्टरांनी थांबवलं तर थांबणं हेच बरोबर. सुविचार अजून येतात. अर्धा तारा त्यांच्यासाठी कापला.

उरलेला अर्धा जिन्याचा. जिना बाहेरच्या बाजूने आहे, चिऱ्याचा, एकाच बाजूला कठडा. श्रावण-भाद्रपदात त्यावर शेवाळ धरतं. पडायची भीती असलेले व्यायाम वर्गात वर्ज्य, आणि वर्गात जायला हा जिना! मालक कठडा बसवत नाही म्हणे. बाईंनी ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेतला, पायरीपायरीवर काथ्याची पायपुसणी खिळवली, तेवढ्याने बरंच निभावतं. तरी पावसाळ्यात रबरी तळव्याच्या चपला घाला आणि उतरताना कुणाला तरी पुढे ठेवा.

संडास एकच आहे पण स्वच्छ, कमोड आहे, आणि तासाच्या मधे तीनदा उठून गेलात तरी कुणी वळून बघत नाही. खिडक्या रिक्षा स्टँडकडे उघडतात. पहिल्या आठवड्यात खालून माना वर व्हायच्या. पडदा लावला तर वारा बंद. मग बाईंनी खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचांवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. आता उठबशा काढताना खाली गेलं की आंब्याच्या पेटीचे गेल्या वर्षीचे भाव वाचता येतात, वर आलं की आभाळ. कपड्यांची सक्ती नाही: दोघी पंजाबी ड्रेसवर येतात, एक जण बुरखा खुंटीला टांगून ट्रॅक पँटमध्ये, मी जिमच्या लेगिंग्जमध्ये. जाताना मी वर कुर्ता घालायचे, सातव्या महिन्यापासून तो बसेना, तेव्हापासून तशीच जाते. पालकांना काय दिसायचं ते दिसो.

नवऱ्यांसाठी महिन्यातून एक शनिवार असतो, कंबर कशी चोळायची, कळांच्या वेळी आधार कसा द्यायचा हे शिकवतात. आमच्या ह्यांना फार आवडलं. तिथे सासवांनाही बोलवावं अशी सूचना मी वहीत लिहून ठेवलीय.

बाळंतपणानंतरची बॅच मात्र इथे नाही, आणि ती लागणारच. बाई म्हणाल्या, पाच जणी मिळाल्या तर मार्चपासून सकाळी अकराला सुरू करते, बाळं सोबत आणा, खाली सतरंजी घालू. मी आणि राजिवड्याची, अशा दोघी झालोय. डिसेंबर-जानेवारीत ज्यांची तारीख आहे त्यांनी खाली औषधांच्या दुकानात नाव लिहून ठेवा, वही काउंटरवरच असते.