अ‍ॅल्युमिनियमसाठी १२० दात्यांचे ब्लेड : एक अभिप्राय

जळगाव-धुळे भागात फर्निचरचे काम घेणाऱ्या सुताराला आता किचनच्या शटरसाठी, म्हणजे कपाटांच्या दारांसाठी, अ‍ॅल्युमिनियमचे प्रोफाइल म्हणजे पोकळ पट्ट्याही कापाव्या लागतात, आणि त्या बहुधा प्लायवूडच्याच मायटर सॉवर (कोनात काप घेणाऱ्या करवतीच्या मशीनवर), लाकडाच्याच ब्लेडने कापल्या जातात. आमच्या कारखान्यात यासाठी जळगावहून १० इंची, १२० दात्यांचे, कार्बाइड टीपचे (दात्यांच्या टोकांना कठीण मिश्रधातू बसवलेले) खास अ‍ॅल्युमिनियमचे ब्लेड आणले. ते लाकडाच्या ब्लेडपेक्षा महाग पडते, तरी माझे मत त्याच्या बाजूने आहे.

दुकानात गिऱ्हाईक दात्यांची संख्या तेवढी विचारते. मला दात्याचा कल अधिक महत्त्वाचा वाटतो. लाकडाच्या बऱ्याच ब्लेडचे दाते पुढे झुकलेले असतात, त्यामुळे ते माल स्वतःकडे ओढतात. लाकडात याने काम झपाट्याने होते, पण अ‍ॅल्युमिनियमचे पातळ सेक्शन असा दाता एकदम पकडतो आणि हातातून हिसकावतो. या ब्लेडच्या दात्यांचा कल उणे ५ अंश, म्हणजे ते ५ अंशांनी मागे झुकलेले आहेत. शिवाय एक दाता किंचित उंच व कोपरे घासलेला, तर त्यामागचा सपाट, अशी रचना असल्याने पहिला मधोमध चर पाडतो आणि दुसरा त्याच्या कडा साफ करतो. टोकदार दात्यांची टोके धातूवर लवकर झडतात, ते येथे टळते.

४५ अंशांत कापलेले शटरचे कोपरे जुळवून उजेडाकडे धरले, तर सांध्यात फट दिसत नाही. आतल्या कडेला बारीक बर (कापाची खरखरीत धार) राहते, ती कानशीच्या एका हाताने निघते. मात्र मशीनचा प्लग काढून दात्यांना अधूनमधून मेण लावावेच लागते, नाहीतर टीपेवर अ‍ॅल्युमिनियमचा चकाकता थर चिकटतो आणि पुढचा काप खरखरीत येतो. भरीव जाड पट्टीसाठी मात्र हे ब्लेड नको. कीस बाहेर पडायला दात्यांमध्ये जागा पुरत नाही, तेथे ८० दाते बरे.

ब्लेडचे भोक ३० मिलिमीटरचे आणि आमच्या मशीनचा शाफ्ट २५.४ चा, सोबत मिळालेला बुश (भोक लहान करणारी कडी) सैल निघाल्याने दुसरा घ्यावा लागला. एवढे महाग ब्लेड विकताना ही हयगय अक्षम्य आहे. ब्लेडवर छापलेली कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त असल्याची खात्री करावी, माल क्लॅम्पने आवळावा, गॉगल घालावा आणि भुशाची पिशवी आधी रिकामी करावी, कारण गरम कीस सुक्या भुशात पडणे धोक्याचे असते.

महिन्याकाठी एखादेच शटर करणाऱ्याने उणे कलाचे ८० दात्यांचे ब्लेड घेतले तरी भागेल. नियमित काम असणाऱ्याने हेच घ्यावे, आणि धारेला देताना दात्यांची उंच-सपाट रचना तशीच राखण्यास कारागिराला बजावून सांगावे.