माझं वाळलेलं सोयाबीन आणि त्याचं मशीन

2024 ची दिवाळी तोंडावर आली होती आणि हरभरा पेरायला पैसे हवे होते. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, पण सरकारी खरेदी केंद्रावरचा नंबर आणि मग पैशाची वाट, एवढा दम नव्हता. कारंजा लाडकडचा एक खेडा खरेदीवाला, म्हणजे गावोगाव फिरून माल घेणारा व्यापारी, गावात आला, त्याला 4,200 नं 22 क्विंटल देऊन टाकलं.

त्यानं एका कट्ट्याच्या तळातून मूठभर दाणे काढले. ओलाव्याच्या मशीनवर आकडा आला 13.5. "प्लांटले दहा-दोन-दोन लागते भाऊ," म्हणजे तेल काढणाऱ्या कारखान्याला ओलावा 10 टक्के, माती-काडी 2, डागी दाणे 2, एवढंच चालतं. दहाच्या वर टक्क्यामागे क्विंटलला एक किलो, असे साडेतीन किलो कापले. शिवाय कुटार-मातीचे सरसकट दोन किलो, तेही चाळणी मारून झाल्यावर! चाळणीखालचा बारीक दाणा गाडीत टाकला तो वेगळाच. एकूण 121 किलो, म्हणजे 5,082 रुपये गेले.

त्याच ढिगातला एक कट्टा बियाण्यासाठी बांधून ठेवला होता. आठ दिवसांनी बाजार समितीत तपासला तर 9.4. घरात बांधलेला कट्टा आठवड्यात चार टक्के वाळत नाही. ओलाव्याचं मशीन पिकानुसार लावावं लागतं, हे मला तिथं कळलं. त्याचं कोणत्या पिकावर होतं, कोणास ठाऊक.

खरं गणित गाडी भरणाऱ्या हमालानं सांगितलं. "भाऊ, तुमच्या ढिगानं तं बाकीच्यायचा माल वाळवला." शेजारच्या काकांचं सोयाबीन गंजीतच भिजलं होतं. दोन्ही माल गोदामात एकत्र ओतले. साडेनऊच्या तीन पोत्यांत साडेअकराचं एक मिसळलं की बरोबर दहा येतात, आणि प्लांटवर एक किलोही कापला जात नाही. काकांचं कापलं ते एक वेळ समजू शकतो. पण त्यांचं पाणी माझ्या कोरड्या दाण्यात जिरवून सोयाबीनच्या भावानं विकलं, आणि मलाही ओला ठरवून कापलं. दहाच्या खाली वाळवून आणलं तर वरचा एक रुपया कोणी देत नाही, कापायला मात्र सगळे तयार. एवढं वाळवून मी काय मिळवलं? नोव्हेंबरच्या मध्यात सरकारनं हमीभावासाठी 12 ऐवजी 15 टक्के ओलावा चालेल म्हटलं. माझं तर 12 मध्येही आरामात बसत होतं.

तक्रार करावी तर चिठ्ठीवर फक्त "20 क्विं. 79 किलो". किती भरलं, किती कापलं, काहीच नाही. तेव्हा मशीनवर पिकाचं नाव बघा, वरून-मधून-तळातून परखी (पोत्यात खुपसून नमुना काढायची नळी) मारायला लावा, आणि कटती चिठ्ठीवर लिहून घ्या.

पुढच्या हंगामात तो पुन्हा आला. मी म्हटलं, भरलेलं वजन आणि ओलावा आधी लिहून द्या. त्यानं पेन खिशात खोचलं, म्हणाला, "बाजूच्या गावात जाऊन येतो."