न्युरेंबर्गचं म्हणून विकलेलं झुंजीचं चिलखत: सुटं केल्यावर काय निघालं

दक्षिण जर्मनीतल्या एका विक्रेत्याने ‘श्टेखत्सॉइग, न्युरेंबर्ग, सुमारे १५००, स्थिती उत्तम, किरकोळ दुरुस्त्या’ असं वर्णन लिहून एक चिलखत विकलं. नंतर ते सुटं करून टेबलावर मांडलं, तेव्हा जुना म्हणावा असा भाग एकच निघाला, पाठीचा पत्रा. तोही झुंजीचा नव्हता, सोळाव्या शतकातल्या रणांगणावरच्या चिलखताचा होता. बाकी सगळं १८५० नंतरचं. पैसे आधीच चुकते झाले होते. अशी चिलखतं आजही विक्रीला येतात आणि भारताबाहेर राहणारे आपले काही हौशी संग्राहकही ती घेतात, म्हणून काय काय सापडलं ते तपशिलात लिहितो आहोत.

श्टेखत्सॉइग हे लढाईचं चिलखत नव्हे. बोथट, तीन दात्यांच्या मुकुटासारख्या टोकाचा भाला घेऊन दोन घोडेस्वार एकमेकांवर धावून जात, त्या खेळासाठी ते घडवलं जाई. न्युरेंबर्गच्या शहर-शस्त्रागारात अशी चिलखतं ठेवलेली असत आणि तिथल्या खानदानी घरांतली तरुण मुलं ती घालून झुंजत. त्यांतली काही आज त्याच शहरातल्या जर्मानिशेस नॅशनलम्युझियममध्ये आहेत. शिल्लक राहिलेले नग इतके थोडे आहेत की अख्खा संच खाजगी विक्रीला आला, तर पहिला प्रश्न ‘हा इतकी वर्षं कुठे होता?’ हाच हवा. इथे उत्तर होतं ‘एका जुन्या गढीतून’. गढीचं नाव नाही, यादी नाही, जुना फोटो नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना दिवाणखान्यात चिलखत उभं करायची हौस होती. म्युनिकच्या एर्न्स्ट श्मिट यांच्या कारखान्यात अतिशय देखण्या प्रतिकृती बनत आणि त्या प्रतिकृती म्हणूनच विकल्या जात. लंडनचे सॅम्युएल प्रॅट यांची गोष्ट वेगळी. १८३९ साली स्कॉटलंडमध्ये हा जुना झुंजीचा खेळ हौसेने पुन्हा भरवला गेला, त्या एग्लिंटन स्पर्धेला चिलखतं पुरवणारे हे व्यापारी, ग्रिमशॉ नावाच्या कारागिराने बनवलेला माल जुना म्हणून खपवत. असा माल दोन-तीन हातांतून फिरला की कागद गळून जातात. मधल्या शे-दीडशे वर्षांत त्यावर चढलेला गंज मात्र खरा असतो. नुसता गंज पाहून खात्री करणारा इथेच फसतो.

आता शिरस्त्राण. बेडकाच्या तोंडासारखं पुढे आलेलं हे जड लोखंडी डोकं म्हणजे या संचाचा जीव. अस्सल शिरस्त्राण बहुधा ७ ते १० किलो भरतं. हे भरलं ४.६ किलो. भाला समोरून आदळतो, म्हणून जुना कारागीर समोरचा पत्रा जाड ठेवतो आणि मागचा पातळ करत नेतो. एकाच पत्र्यात मधोमध आणि काठाला वेगळी जाडी मिळते. इथे कॅलिपर कुठेही लावा, दीड मिलिमीटर. म्हणजे कारखान्यात यंत्राने लाटून आलेला पत्रा. आतल्या बाजूला हातोड्याचे ठोके होते, पण सगळे एका मापाचे, एका अंतरावर, जिथे आकार द्यायची गरजच नव्हती तिथेही. खरे ठोके वळणाच्या जागी दाट असतात आणि सपाट भागात विरळ.

अस्सल शिरस्त्राणात तीन मोठे पत्रे रिव्हेटांनी जोडलेले असतात. इथेही रिव्हेटांची रांग होती. टॉर्च आतून तिरपा धरला तेव्हा रिव्हेटांच्या शेजारून गेलेली, ग्राइंडरने सपाट केलेली वेल्डिंगची रेघ दिसली. रिव्हेट नुसते शोभेचे होते. ऑक्सि-अ‍ॅसिटिलीन वेल्डिंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळलं, तेव्हा हा जोड त्यापूर्वीचा असूच शकत नाही.

शिरस्त्राण पाठीला घट्ट ओढून धरणारा मागचा लांब स्क्रू विक्रेत्याने ‘नंतर बदललेला’ म्हणून सांगितला होता. स्क्रू बदललेला असू शकतो. पण आट्यांचं गेज लावलं तर अंतर नेमकं १.२५ मिलिमीटर, म्हणजे आजचा आठ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू. आणि ज्या बैठकीत तो बसतो तिच्या आतही तेच आटे. बैठक जुनी असती तर आटे हाताने कापलेले, थोडे वेडेवाकडे असते आणि आजचा स्क्रू दोन फेऱ्यांत अडकला असता.

छातीच्या पत्र्यावर मोत्यांच्या वर्तुळात ‘एन’ अक्षर, म्हणजे न्युरेंबर्गचा शिक्का होता. बहुतेक लोक इथे विरघळतात. दहापट भिंगातून पाहिलं तर अक्षराच्या कडा धारदार, तळ चकचकीत, आणि भोवतीची गंजाची खळगी शिक्क्याच्या काठाशी येऊन चिरडलेली. आधी गंज, मग शिक्का, असा हा क्रम. जुन्या शिक्क्याच्या कडा भोवतीच्या पत्र्याबरोबरच घासून बोथट झालेल्या असतात आणि गंजाचे खड्डे शिक्क्यातूनही आरपार जातात.

भाल्याच्या माराचे म्हणून दाखवलेले पोचे तर उजव्या बाजूला होते. स्वार एकमेकांच्या डाव्या अंगाने जातात आणि भाला घोड्याच्या मानेवरून डावीकडे रोखलेला असतो, त्यामुळे मार डाव्या बाजूला बसतो. ज्याने हे पोचे पाडले त्याला खेळच माहीत नव्हता. पायांची चिलखतंही जोडलेली होती. या प्रकारच्या झुंजीत घोड्याच्या छातीवर पेंढा भरलेली मोठी गादी बांधत आणि पाय तिच्याआड राहत, म्हणून पायांना सहसा लोखंड नसे. पुतळा पूर्ण दिसावा म्हणून ते भाग लावले होते.

गंजाचं आणखी थोडं. आम्लाने खाल्लेला पत्रा सगळीकडे सारखा, उथळ, मॅट दिसतो. नैसर्गिक गंज एके ठिकाणी खोल जातो आणि शेजारी पत्रा गुळगुळीत राहतो. शिवाय कापसाच्या बोळ्यावर व्हाइट स्पिरिट घेऊन आतला कोपरा पुसला तर काळं मेण निघालं, खाली करडा नवा धातू. वाद्या जुनाट दिसत होत्या, पण कापलेल्या टोकाला चामडं आत निळसर-करडं होतं. म्हणजे क्रोमने कमावलेलं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचं. जुनं, झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं आरपार तपकिरी असतं. लाकडी ढालीवर किड्याने कोरलेल्या वाटा पृष्ठभागावर लांबट, उघड्या दिसत होत्या. किडा बाहेरून गोल भोक पाडतो, वाटा लाकडाच्या आत असतात. त्या अशा उघड्या पडल्या, म्हणजे किडकं जुनं लाकूड नंतर कापून ढाल केली.

असं चिलखत घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधी ते सुटं करून पाहायची मागणी करा. प्रत्येक भागाचं वजन वेगळं घ्या, जाडी निदान दहा जागी मोजा, आतल्या बाजूचे फोटो मागवा. ‘जोडणी नाजूक आहे, उघडता येणार नाही’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. किंमत मोठी असेल तर पत्र्याच्या काठातून एक-दोन मिलिमीटरचा नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेता येतो: जुन्या घडीव लोखंडात धातुमळीच्या, म्हणजे लोखंड गाळताना आत राहिलेल्या मळीच्या, लांबट रेषा दिसतात, आधुनिक पोलाद जवळजवळ स्वच्छ असतं आणि त्यात मुद्दाम घातलेलं मँगनीज सापडतं. नमुना काढायला मालकाची लेखी परवानगी लागते. पॉलिश करून लखलखीत केलेल्या नगापासूनही लांब राहा. तो अस्सल असला तरी विटेच्या भुकटीने आणि एमरीने घासताना शिक्के आणि नक्षी गेलेली असते, आणि मग ठरवायला हाती फारसं काही उरत नाही.

बिलावर काय लिहिलंय ते जर्मनमध्येच वाचा, विक्रेत्याने तोंडी सांगितलेल्या अर्थावर जाऊ नका. ‘सुमारे १५००’ आणि ‘१५०० च्या शैलीत’ यांत किमतीचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘हिस्टोरिस्मुस’ असं लिहिलं असेल तर तो नग एकोणिसाव्या शतकातला आहे असं विक्रेत्याने स्वतःच कबूल केलेलं असतं. या प्रकरणात जाहिरातीत ‘सुमारे’ होतं आणि बिलावर ‘शैलीत’. जाहिरातीचं पान जपून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे वाद तिथेच लंगडा पडला.

जर्मन नागरी संहितेच्या कलम १२३ नुसार जाणूनबुजून फसवलं असेल तर व्यवहार रद्दबातल करता येतो. कलम १२४ प्रमाणे फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत तसं कळवावं लागतं. ‘दोषाची जबाबदारी नाही’ असं कलम करारात असलं, तरी विक्रेत्याने दोष मुद्दाम लपवला असेल तर त्याला त्यामागे लपता येत नाही. ते कलम ४४४ मध्ये आहे. पण त्याला ठाऊक होतं हे सिद्ध करायचं ओझं घेणाऱ्यावरच येतं. म्हणून तज्ज्ञाचा अहवाल तारखेसकट लेखी घ्या, विक्रेत्याशी बोलणं ईमेलवरच ठेवा आणि वाद मिटेपर्यंत नग पुसू नका, तेल लावू नका, एकही स्क्रू बदलू नका.