व्हिटॅमिन सी की एनएसी? अँटिबायोटिक चालू असताना

अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना व्हिटॅमिन सी आणि एनएसी (एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, कफ पातळ करणारं औषध) यांपैकी कोणतं अँटिऑक्सिडंट, म्हणजे घातक ऑक्सिजन-रेणू निष्प्रभ करणारा पदार्थ, घ्यावं, असं एका मैत्रिणीने विचारलं. बाटलीवरचे दावे बाजूला ठेवू.

आधी अँटिबायोटिकचं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं जीवाणूच्या पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू तयार करतात आणि तेच त्याला मारतात, असा विचार 2007 मध्ये पुढे आला. 2013 मध्ये त्याला ठोस आव्हान मिळालं, कारण ऑक्सिजन नसतानाही ही औषधं जीवाणू मारतात. वाद अजून संपलेला नाही. तरी प्रयोगशाळेत एनएसीने इमिपेनेमसारख्या काही औषधांचा जोर कमी झालेला दिसतो. दुसरीकडे तेच एनएसी जीवाणूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, सैल करतं. व्हिटॅमिन सी त्याहून दुटप्पी: लोह हाताशी असेल तर ते उलट ऑक्सिडंट तयार करतं, आणि प्रयोगशाळेतल्या क्षयजंतूंना त्याने मारलेलंही आहे. अर्थात काचेच्या नळीतलं सगळं शरीरात तसंच घडेल असं नाही.

जंतुनाशकांबाबत मात्र शंका नको. क्लोरीन आणि आयोडीन हे व्हिटॅमिन सी आणि एनएसी या दोघांपुढेही निष्प्रभ होतात. म्हणून पिण्याच्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकल्यावर ठरलेली वेळ पूर्ण होण्याआधी व्हिटॅमिन सी असलेली पावडर मिसळू नका. अल्कोहोलला फरक पडत नाही.

पाण्यातला उरलेला क्लोरीन घालवायचा असेल, तर व्हिटॅमिन सी घ्या; एनएसीला गंधकाचा उग्र वास असतो. घट्ट कफासाठी डॉक्टरांनी एनएसी दिलं असेल, तर ते घ्या, फक्त चालू अँटिबायोटिक त्यांना सांगा. नुसत्या ‘ताकदीसाठी’ विचारत असाल, तर कोर्स संपेपर्यंत दोन्हींच्या मोठ्या मात्रा टाळा.