सांगली जिल्ह्यातला मुलांचा तात्पुरता निवारा: कुठे चालतो, कुठे अडतो

मिरज जंक्शनच्या फलाटावर किंवा वाळव्याकडच्या उसाच्या फडाजवळ एकटं मूल सापडलं, की १०९८ ला फोन करायचा. सेवा मोफत आहे, रात्रीही चालते.

दाखल करून घेण्याची बाजू भक्कम आहे. मूल ताब्यात आल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे, म्हणजे मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, हजर करावं लागतं. बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं, म्हणून ‘आदेश नाही’ ही बालगृहाला रात्री दार न उघडण्याची सबब होऊच शकत नाही. फोन करणाऱ्याने जागा, वेळ, अंगावरचे कपडे लिहून ठेवावेत, आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत. पुढे घर शोधायला तेच कामी येतं. फोटो व्हॉट्सॲपवर मात्र फिरवू नका. ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे.

बालगृह पाहायला गेलात तर रंगवलेल्या भिंतींवर भुलू नका. झोपायच्या खोलीत दर मुलामागे ४० चौरस फूट जागा लागते, ती मोजा. मग खरुजेबद्दल विचारा. खरूज पहिल्यांदा लागली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर ती शेजारच्या अंथरुणात पोचलेली असते. एकट्या खाजवणाऱ्या मुलाला मलम लावणारं गृह महिन्याभराने पुन्हा तिथेच येतं. खोलीतल्या सगळ्यांना, काळजीवाहकांनाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने एकाच रात्री पर्मेथ्रिन लावायचं, दुसऱ्या दिवशी चादरी-कपडे गरम पाण्यात धुऊन काढायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. हे न विचारता सांगणारा अधीक्षक भेटला, तर बाकीचं कामही बहुधा नीट असतं.

अडतं ते पुढे. मुलाच्या घरची परिस्थिती सांगणारा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत आणि समितीची चौकशी चार महिन्यांत व्हायला हवी. ऊसतोड कामगाराचं मूल फेब्रुवारीत सापडलं आणि अहवाल रेंगाळला, तर पट्टा पडतो, म्हणजे गळीत हंगाम संपतो, टोळी बीडकडे निघून जाते आणि गृहभेट दुसऱ्या जिल्ह्यावर जाते. मूल बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारं असेल, किंवा जतच्या सीमेवरचं कन्नड बोलणारं, तर दुभाषा पहिल्याच दिवशी हवा. गावाचं नाव चुकीचं लिहिलं गेलं की सगळा शोध भलतीकडे जातो. कारखान्याच्या शेतकी खात्यात टोळीच्या मुकादमाचं नाव मिळतं. तिथे सगळ्यात आधी जायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं. इथे या व्यवस्थेचे गुण कापावे लागतात.

आजी किंवा मामा सांभाळायला तयार असतील, तर बालसंगोपन योजनेत पात्र मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात. तो अर्ज अहवालासोबतच महिला व बाल विकास कार्यालयात द्यावा.