लँडस्केपची पहिली नोकरी: आर्किटेक्चर फर्म की लँडस्केप स्टुडिओ?

लँडस्केप, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागांचं डिझाइन, शिकून पुण्या-मुंबईत नोकरी शोधणाऱ्यापुढे बहुधा दोन पर्याय असतात: इमारती करणारी मोठी आर्किटेक्चर फर्म, नाहीतर फक्त लँडस्केप करणारा लहान स्टुडिओ. पगार वेळेवर होण्यात आणि नावाच्या वजनात सहसा फर्म पुढे. खरा फरक पडतो तो काम तुमच्या हातात कुठल्या टप्प्यावर येतं आणि ते तपासतं कोण, यात.

पोडियमवरची बाग घ्या. खाली पार्किंग, वर स्लॅब, त्यावर माती. लॉनला 300 मिलिमीटर माती पुरते, झुडपांना 600. बहावा किंवा ताम्हण लावायचा तर 1 ते 1.2 मीटर तरी हवी. एक मीटर खोल भिजलेली माती दर चौरस मीटरला साधारण 1800 किलो भरते. हा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅबचं डिझाइन होण्याआधी मिळायला हवा. फर्ममध्ये तुम्ही त्या मीटिंगला बसू शकता. झाडं कॉलमच्या वर सरकवता येतात, तेवढ्या भागात स्लॅबची पातळी खाली घ्यायला सांगता येतं. स्टुडिओकडे काम पोचेपर्यंत अनेकदा स्लॅब भरून झालेला असतो. मातीला जागा 450 मिलिमीटर, आणि बिल्डरच्या ब्रोशरवर मात्र डेरेदार वृक्ष! मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेली हलकी माती भरून उंच वाफे करायचे. कोकोपीट कुजतं, दोन-तीन वर्षांत माती खाली बसते, मुळं उघडी पडतात आणि वळवाच्या वाऱ्यात झाड कलतं.

एवढ्यावरून फर्म निवडू नका. तिथे लँडस्केपचा माणूस बऱ्याचदा एकटाच असतो. टेंडरची घाई आली की त्यालाही जिन्याचे आणि टॉयलेटचे डिटेल काढायला बसवतात. त्याहून वाईट म्हणजे फरशी, उतार, पायऱ्या सीनियर आर्किटेक्ट बारकाईने पाहतो. झाडांची यादी मात्र कोणीच वाचत नाही. ड्रेनेज लाइनला खेटून, पाइपात मुळं घुसवणारा फायकस लावलेला कागदावर कोणाला खटकत नाही.

स्टुडिओत ही यादी वाचणारा माणूस असतो. तो तुम्हाला पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत घेऊन जातो, झाड निवडायला शिकवतो. बीओक्यूमध्ये, म्हणजे कंत्राटाच्या कामांच्या आणि मापांच्या यादीत, नुसतं ‘10 फुटी झाड’ लिहिलं तर कंत्राटदार उंचीला बरोबर पण काठीसारखं रोप आणून उभं करतो, आणि नियमाने तो चुकत नाही. म्हणून उंचीबरोबर खोडाचा घेर, पिशवीचं माप आणि पहिली फांदी किती उंचीवर, हेही लिहायचं असतं.

साइटवरचा क्रमही तिथेच अंगवळणी पडतो: वॉटरप्रूफिंग, निदान 48 तास पाणी साठवून चाचणी, त्यावर संरक्षक थर, ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारे प्लास्टिकचे पोकळ ठोकळे), जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), मग माती. पाणी जाण्याच्या तोंडावर चेंबर (उघडून साफ करता येणारी पेटी) न ठेवता माती ओतली की गाळ आत जातो. वर पाणी तुंबतं, वॉटरप्रूफिंगमधली बारीकशी फटही पुरते आणि खालच्या गाड्यांवर ठिबक सुरू होते. नंतर ते तोंड शोधायला अख्खा वाफा उकरावा लागतो.

तेव्हा फ्रेशरने आधी दोन-तीन वर्षं स्टुडिओत काढावीत आणि मग फर्ममध्ये जावं, हे आमचं स्पष्ट मत. अपवाद एकच: फर्ममध्ये अनुभवी लँडस्केप आर्किटेक्ट असेल तर थेट तिथेच जा. मुलाखतीत अलीकडच्या एखाद्या कामाचं प्लँटिंग ड्रॉइंग दाखवायला सांगा आणि त्यावर ‘तपासले’च्या रकान्यात कोणाची सही आहे ते बघा.

बीएस्सी हॉर्टिकल्चर केलेल्यांचं गणित वेगळं. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, 1972 प्रमाणे नोंदणी नसेल तर ‘आर्किटेक्ट’ हे पद लावता येत नाही, त्यामुळे फर्मच्या उतरंडीत वर चढणं अवघड जातं. स्टुडिओत किंवा लँडस्केप कंत्राटदाराकडे त्यांच्या झाडांच्या माहितीला जास्त भाव मिळतो. मात्र ऑटोकॅडवर लेव्हल आणि सेक्शन काढता आलेच पाहिजेत; नाहीतर नर्सरीची खरेदी आणि माळ्यांची हजेरी एवढंच काम वाट्याला येतं.